चौघांचा शिधा

आक्काचा धंदा उसवण्याचा आणि पुन्हा शिवण्याचा. नवं कोरं काही शिवणं तिच्या वाट्याला क्वचितच यायचं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका लाँड्रीच्या काउंटरला लागून तिचं मशीन होतं आणि दिवसभर लोक तिच्यापुढे लांब पँटी, तुटक्या चेन, आखडलेले कोट आणून टाकायचे. कोण सुटला, कोण वाळला, कुणाला नवी नोकरी लागली, हे आक्काला शिवणीवरूनच कळायचं. पण ती कुणाला काही विचारत नसे.

त्याला कारण होतं. नवरा गेल्यावर ती काही वर्षं भावाकडे राहिली. भाऊ भला माणूस, वहिनीही तशी वाईट नव्हती. पण तिची नजर कायम दुसऱ्याच्या ताटात. आक्काने दुसऱ्यांदा भात घेतला की वहिनी बोलायची नाही, फक्त पातेल्यावर झाकण ठेवायची. त्या झाकणाचा आवाज आक्काच्या मनात इतका बसला की तिला अर्धपोटी उठायची सवयच लागली. शेवटी एका सकाळी तिने बॅग भरली. भाऊ म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"लोक माझ्या ताटात बघत नाहीत," ती म्हणाली आणि निघाली. जाताना कानाला खडा लावला, की मरेपर्यंत आपण कुणाच्या खाण्यापिण्याकडे बघायचं नाही.

तिला जागा मिळाली ती बंद पडलेल्या एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. चार खोल्या, चार भाडेकरू, आणि सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. एका खोलीत बसड्रायव्हर राहायचा. पन्नाशीचा, एकटा, हिशेबी आणि तोंडाने फटकळ. दुसऱ्या खोलीत एक पंचविशीची मुलगी होती. ती एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची आणि दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन घरी आली की दारातूनच कॉफीचं पाणी ठेवा म्हणून ओरडायची. तिला सगळे 'हॅलो' म्हणत. हे नाव ठेवलं होतं तिसऱ्या खोलीतल्या भिंगकाकांनी.

भिंगकाका चष्म्याच्या दुकानात मागे बसून काचा घासायचे. साठी उलटलेली, देह भरदार, आवाज त्याहून भरदार. शिधा एकत्र आणायचा ही कल्पना त्यांचीच. आधी प्रत्येकाची वेगळी पिशवी, वेगळी बरणी, वेगळं पातेलं. काका म्हणाले, "चार माणसं चार वेळा गॅस पेटवतात आणि एकेकटी भिंतीकडे तोंड करून जेवतात. यापेक्षा तुरुंगात बरं, तिथे निदान पंगत असते."

तेव्हापासून तांदूळ, डाळ, तेल, बटाटे, अंडी, दूध, साखर सगळं एका कपाटात आणि एका फ्रीजमध्ये येऊ लागलं. रविवारी पाळीने एकाने बाजार करायचा, रोज पाळीने एकाने रांधायचं. चार भांडी एकत्र आली की वाजणारच, तशी ही वाजलीही. ड्रायव्हरला तेल जास्त लागायचं, हॅलो भात करपवायची. पण जेवायला चौघं एका टेबलाशी बसायचे आणि काका शेवटी पातेलं पुढे ओढून पावाच्या तुकड्याने तळ पुसून खायचे. म्हणायचे, "पातेल्याला वाईट वाटू नये म्हणून." आक्काला ते बघायला बरं वाटायचं. कितीतरी वर्षांनी ती पोटभर जेवत होती.

दोन वर्षं असं चाललं. मग दुधावरून बिनसलं.

सकाळी आणलेलं दूध दुपारपर्यंत तळाला जाऊ लागलं. संध्याकाळी ड्रायव्हर ड्यूटीवरून यायचा तर चहाला दूध नसायचं. एकदा झालं, दोनदा झालं. मग एका संध्याकाळी तो रिकामी बाटली टेबलावर आपटूनच बोलला, "दूध कोण पितं हे मला कळत नाही असं कुणी समजू नये."

हॅलोने कॉफीचा मग खाली ठेवला. "कुणाबद्दल बोलताय?"

"ज्याला लागेल त्याने समजावं."

"माझ्या कॉफीत दोन चमचे दूध असतं. बाटलीभर नाही."

"तुझी कॉफी दिवसातून किती वेळा होते, ते आम्ही बघतोच की."

आक्का बटाटे सोलत होती. तिने मान वर केली नाही. भिंगकाका समोरच बसले होते. एरवी असं काही झालं की ते एखादा विनोद टाकून दोघांनाही गप्प करायचे. त्या दिवशी मात्र मूग गिळून बसले. थोड्या वेळाने उठले आणि "भांडी मी घासतो" म्हणून मोरीकडे गेले. हल्ली भांडी तेच घासायचे. त्याचंही सगळ्यांना कौतुकच होतं.

हॅलोने दुसऱ्या दिवशी दुधाच्या बाटलीवर पेनाने रेघ मारली. ड्रायव्हरने ती रेघ बघितली आणि म्हणाला, "आता घरात पोलीस ठाणंच उघडा." शब्दाने शब्द वाढला. शेवटी हॅलोच म्हणाली, "नको तो एकत्र शिधा. ज्याचं त्याने आणावं, ज्याचं त्याने खावं. मला चोर ठरवून घ्यायची हौस नाही."

रविवारी कपाटाचे कप्पे वाटले गेले. वरचा हॅलोचा, मधला ड्रायव्हरचा, त्याखालचा आक्काचा, सर्वांत खालचा काकांचा. फ्रीजचंही तसंच. टेबलावर पुन्हा एकेकटी माणसं वेगवेगळ्या वेळी बसू लागली. आक्काला वाटलं, आपण आगीतून निघून फुफाट्यात आलो.

पण या वाटणीमुळे एक झालं. जे एकत्र असताना दिसत नव्हतं, ते वेगळं झाल्यावर उघड्यावर आलं. ड्रायव्हरच्या कप्प्यातलं तेल भराभर संपायचं. हॅलोच्या कप्प्यात बिस्किटांचे पुडे यायचे आणि जायचे. भिंगकाकांच्या कप्प्यात तांदळाचं पाकीट आलं ते तसंच राहिलं. डाळीचं पाकीट तसंच. अंडी तशीच. संपत होतं फक्त दूध आणि साखर. मधूनच एखादं केळं.

आक्काने ते पाहिलं आणि नजर वळवली. ताटात बघायचं नाही, तर कप्प्यात तरी का बघावं? बाहेर खात असतील, दुकानात डबा येत असेल. मनाला पटेल असं काही ना काही ती शोधत राहिली. पण एकदा काका जिना चढत होते आणि ती मागून येत होती, तेव्हा तिची नजर त्यांच्या पँटच्या कमरेवर गेली. मागची शिवण आत घेतली होती. जाड्या दोऱ्याने, वेडेवाकडे टाके घालून, कुणी नवशिक्याने घ्यावी तशी. काकांच्या कपड्यांना आजवर आक्काशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. हे टाके त्यांनी स्वतः घातले होते, आणि तिला कळू नये म्हणूनच घातले होते.

त्यानंतर तिचं मशीनवर लक्ष लागेना. कुणाच्या कोटाची बाही तिने नको तेवढी आखूड केली. लाँड्रीचा मालक म्हणाला, "आक्का, बरं नाही का?" ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय?" तरीही बरेच दिवस तिने काकांना काही विचारलं नाही.

एका रविवारी दुपारी ड्रायव्हर ड्यूटीवर होता, हॅलो मैत्रिणीकडे गेली होती. आक्का गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली तर कठड्याला धरून काका वाकून उभे. हातात पाण्याचा ग्लास. खोकला थांबत नव्हता आणि तोंडातून आलेलं पाणी शर्टावर सांडलं होतं. तिने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. शर्टाखाली पाठीचा कणा हाताला लागला.

"ठसका लागला," काका म्हणाले.

"पाण्याचा?"

काकांनी बाहीने तोंड पुसलं.

"काका, मी कधी कुणाला विचारत नाही. आज विचारते. तुम्ही जेवत का नाही?"

काका पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसले. हातातला ग्लास फिरवत राहिले. मग बोलले ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसे. "घास उतरत नाही, आक्का. इथे अडतो." त्यांनी छातीच्या वरच्या हाडावर बोट ठेवलं. "आधी पाव अडायचा, मग भात. आता दूध तेवढं जातं. तेही सावकाश."

"म्हणून भांडी तुम्ही घासायचात."

"हो. घेतलेलं परत पातेल्यात घालायला बरं पडायचं."

"आणि ते दूध."

काकांनी मान खाली घातली. "त्या पोरीवर आळ आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि चोर बघत बसला. रोज ठरवतो, आज सांगू. जीभ उचलत नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गेलोच नाही. ते काय म्हणणार हे मला माहीत आहे. माझा थोरला भाऊ असाच गेला. शेवटी पोटाला नळी लावली होती, आणि वहिनी त्या नळीतून पेज ओतायची. भाऊ माझ्याकडे बघायचा, आक्का. नुसता बघायचा." ते थांबले. "मला नळी नको. बहिणीच्या दारात पडून राहणं नको. इथे काम करतो, राहतो, असंच जमेल तेवढं जमू दे. तुम्ही कुणाला सांगायचं नाही. शब्द द्या मला."

आक्का म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे चला, मी येते."

"शब्द द्या."

तिने शब्द दिला.

पुढचे काही आठवडे तिने जे केलं ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती बटाटा आणि डाळ शिजवून, घोटून, कापडातून गाळून पातळ करायची. ते बाटलीत भरून काकांच्या कप्प्यात ठेवायची. सुरुवातीला ते त्यांना चांगलं मानवलं. चेहऱ्यावर जरा रंग आला, एकदा तर त्यांनी ड्रायव्हरला उद्देशून जुन्यासारखा विनोदही केला. आक्काला वाटलं, आपण केलं ते बरं केलं. माणसाचा मान राहिला, पोटही राहिलं. रोज संध्याकाळी ती डॉक्टरचा विषय काढायची आणि काका म्हणायचे, "बघू पुढच्या आठवड्यात." तो आठवडा काही उजाडत नव्हता.

मग एका सकाळी तिने ठेवलेली बाटली संध्याकाळी तशीच दिसली. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिने काकांच्या दाराशी जाऊन हाक मारली. ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. समोर दुधाचा कप होता आणि शेजारी एक वाटी, थुंकण्यासाठी. त्यांनी हातानेच 'जा' म्हणून सांगितलं.

आक्का त्या दुपारी मशीन झाकून बस डेपोवर गेली. कपाट वाटलं गेल्यापासून ती ड्रायव्हरशी धड बोलली नव्हती. त्याने पोरीला लावून बोलल्याचा राग तिच्या मनात होता. तो कॅंटीनच्या बाकावर डबा उघडून बसला होता. तिला बघून त्याला वाटलं घराला आग लागली.

ती उभ्याउभ्याच बोलली. गच्चीवरचं, काकांच्या भावाचं, गाळलेल्या डाळीचं, सगळं. तो ऐकत राहिला. हातातला घास डब्यात परत ठेवला.

"म्हणजे ते दूध..." तो म्हणाला.

"हो."

"आणि मी त्या पोरीला..."

"हो."

त्याने डब्याला झाकण लावलं. तोंडातून फटकळ काही येईल म्हणून आक्का तयारीत होती, पण तो एवढंच म्हणाला, "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?" तिने सांगितलं. त्यावर तो काही बोलला नाही. ते न बोलणं तिला शिवीपेक्षा जास्त झोंबलं. मग तो उठला. "बदली ड्रायव्हर मागून घेतो. आत्ताच नेऊ. त्यांच्या बहिणीचा नंबर आहे का?"

काकांच्या दाराशी दोघं उभी राहिली तेव्हा काकांना सांगावं लागलं नाही. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, मग आक्काकडे.

"शब्द दिला होतात तुम्ही," ते म्हणाले. आवाज बसलेला होता.

"दिला होता. मोडला."

"मला वाटलं होतं, तुम्ही तरी दुसऱ्याच्या ताटात बघणाऱ्यातल्या नाहीत."

भावाच्या घरची ती गोष्ट तिने या घरात फक्त काकांनाच सांगितली होती. ते वाक्य जिथे लागायचं तिथेच लागलं. तिने त्यांची चप्पल पलंगाखालून ओढून पुढे ठेवली. त्यांना उठवताना ड्रायव्हरला फारसा जोर लावावा लागला नाही.

हॉस्पिटलमध्ये नळीतून कॅमेरा आत घातला गेला, तुकडा तपासायला गेला, आणि जे काकांना माहीत होतं तेच डॉक्टरांनी सांगितलं. अन्ननलिकेत गाठ होती. ऑपरेशनची वेळ अजून गेलेली नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. पण आधी अंगात ताकद भरावी लागेल आणि त्यासाठी पोटाला नळी लावावीच लागेल. "आणखी आधी आला असतात तर सोपं गेलं असतं," असंही म्हणाले. हे डॉक्टर सगळ्यांनाच म्हणत असतील, अशी आक्काने मनाची समजूत घातली, पण ती टिकली नाही.

काकांची बहीण दुसऱ्या गावाहून आली. उंच, तशाच भरदार आवाजाची. तिने भावाला पाहिलं, बाहेर आली आणि बाकावर बसलेल्या आक्काला म्हणाली, "एका घरात राहता तुम्ही. एका ओट्यावर रांधता. माणूस निम्मा होईपर्यंत तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं होतं," आक्का म्हणाली.

"मग?"

यावर सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. पण काकांनी शब्द घेतला होता हे सांगणं म्हणजे त्यांच्यावर ढकलणं. ती म्हणाली, "चुकलं माझं." इकडे काका म्हणतात का सांगितलंत, तिकडे त्यांची बहीण म्हणते का नाही सांगितलंत. दोघांचंही खरं होतं.

हॅलोला ही हकिगत ड्रायव्हरनेच सांगितली. स्वयंपाकघरात उभं राहून, तिच्याकडे न बघता, चुकलो म्हणून. कॉफीची एक मोठी बरणीही त्याने तिच्यासाठी आणली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. ड्रायव्हरवर तिचा फारसा राग दिसला नाही.

"तुम्ही भांडलात तरी," ती म्हणाली. "काका समोर बसले होते. मला ते बहिणीसारखी म्हणायचे, मुलीसारखी म्हणायचे. आणि ऐकत बसले."

"आजारी होते ते," आक्का म्हणाली. "घाबरले होते."

"माहीत आहे. म्हणून तर मी त्यांच्यावर रागावूही शकत नाही. तेच जास्त वाईट आहे, आक्का."

महिनाअखेरीस तिने ऑफिसजवळ दुसरी खोली घेतली. जाताना आक्काच्या गळ्यात पडली, ड्रायव्हरला नीट निरोप दिला. कॉफीची बरणी कप्प्यात तशीच ठेवून गेली, झाकणही न उघडता.

काकांची खोलीही रिकामी झाली. हॉस्पिटलमधून बहीण त्यांना आपल्याकडे घेऊन गेली, म्हणजे ज्या दाराला ते भीत होते त्याच दारात. आक्का दर रविवारी बस बदलत बदलत तिकडे जाऊ लागली. पहिल्या वेळी काकांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या वेळीही. ती खुर्चीवर बसायची, सोबत आणलेलं काज-बटणाचं काम करायची आणि वेळ झाली की उठायची. बहिणीचा राग मात्र लवकर निवळला. एकदा तिने नळीत पेज ओतायची सिरिंज धुऊन आणायला आक्काला सांगितलं, आणि तेव्हापासून दोघी बरोबरीने काम करू लागल्या. बहिणीने एकदा विचारलं, "तुम्हाला इथे येऊन काय मिळतं?" आक्का म्हणाली, "रविवारी दुसरं काय करू?"

एका रविवारी काका आपणहून बोलले. तोंड भिंतीकडेच होतं.

"ती पोरगी कुठे असते हल्ली?"

"ऑफिसजवळ खोली घेतलीय."

"तिला यायला सांगाल? मला एकदा तिच्याशी बोलायचं आहे. फोनवर नको. दिवसभर ती फोनवर लोकांचं ऐकते, त्यात माझं आणखी कशाला?"

आक्काने फोन केला. हॅलोने तो दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. निरोप ऐकून घेतला. मागे पंख्याचा आवाज येत होता.

"त्यांना सांगा, मी रागावलेली नाही," ती म्हणाली. "ऑपरेशन नीट होऊ दे. पण मी येणार नाही, आक्का. तिथे येऊन त्यांना त्या नळीसकट बघितलं की मी 'जाऊ दे काका' म्हणेन. ते मला म्हणायचं नाही."

आक्काने पुढच्या रविवारी शब्दन्शब्द तसाच सांगितला. गोड करून सांगावं असं वाटलं होतं, पण सांगितलं नाही. काका या वेळी उताणे झोपले होते. त्यांनी डोळे मिटले. नळीच्या बाजूला हात ठेवला.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले.

"हो," आक्का म्हणाली.

"तुमचंही असेल. मला अजून तसं वाटत नाही."

"नसू दे."

बहीण चहा घेऊन आली. दोन कप होते. तिने एक आक्काला दिला आणि दुसरा स्वतः घेऊन खिडकीपाशी उभी राहिली, काकांना दिसणार नाही अशी. काका म्हणाले, "प्या इथेच बसून. वास तरी येऊ दे." मग तिघांनी डॉक्टरांनी दिलेल्या तारखेबद्दल बोलणं काढलं. गुरुवारी पुन्हा वजन करायचं होतं. पुरेसं भरलं तर ऑपरेशन, नाही भरलं तर आणखी थांबायचं. किती भरेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आक्काने कप धुऊन ठेवला, पिशवी उचलली आणि गुरुवारी मशीन बंद ठेवून येते असं बहिणीला सांगितलं.